खाली सही कोणाची?

चार इमली म्हणजे भोपाळमधली सरकारी अधिकाऱ्यांची वस्ती. तिथं माझी आत्या राहते. सुट्टीत मी तिला कौतुकानं सांगत होते, "२०२१ मध्ये युनेस्कोच्या १९३ देशांनी कृत्रिम बुद्धिमत्तेची नीतितत्त्वं मान्य केली. अंतिम जबाबदारी माणसाचीच!"

"बंधनकारक आहे का गं ते?"

"नाही, शिफारस आहे. युरोपनं मात्र २०२४ मध्ये कायदा केला."

१९८४ च्या डिसेंबरात, वायुगळतीच्या रात्री, आत्या याच शहरात होती. ती म्हणाली, "कारखान्यात जबाबदार कोण, हे आम्ही भोपाळवाले चाळीस वर्षं विचारतोय. तुम्ही आधीच लिहून घ्या."

मला तिचं पटलं. यंत्रं कितीही हुशार होवोत, त्यांच्या निर्णयाखाली माणसाची सही हवी. चुकलं तर दार कोणाचं ठोठवायचं, हे आजच ठरायला हवं.