पाण्याची वाट

दरवर्षीं मृगाचा पाऊस लागला कीं पुण्यांतील जुन्या घरांतून १९६१ सालच्या पानशेतच्या पुराची गोष्ट निघतेच. १२ जुलैला पानशेतचें धरण फुटलें, त्याच्या लोंढ्यानें खडकवासल्याचेंही फुटलें, आणि नदीकांठच्या पेठांतील वाडे पाहतां पाहतां जमीनदोस्त झाले. ही हकीकत पुढच्या पिढीस सांगितलीच पाहिजे. परंतु तिच्यामुळें एक समज आम्हां पुणेकरांच्या मनांत घट्ट बसला आहे. पूर ही धरणाची बाब आणि धरण ही सरकारची बाब. तेथें महापालिकेचा काय संबंध?

हा समज २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं खोटा ठरला. त्या रात्रीं कोणतेंही धरण फुटलें नाहीं. कात्रजकडून येणारा आंबील ओढा कांहीं तासांच्या पावसानें चढला. भिंती कोसळल्या, मोटारी वाहून गेल्या, आणि शहरांत व आसपास वीसाहून अधिक माणसें दगावलीं. याच ओढ्याचा प्रवाह नानासाहेब पेशव्यांनीं वळवून दिला होता. पाण्यास वाट करून द्यावी लागते, हें त्या काळच्या कारभाऱ्यांस ठाऊक होतें. आपण मात्र त्या वाटेवर भराव घातले, भिंती उभारल्या व घरें बांधलीं.

पुरापासून शहर राखण्याचें बरेंचसें काम ओढ्यांवर, मोऱ्यांवर आणि बांधकामाच्या परवान्यांवर अवलंबून आहे, आणि हें काम महापालिकेच्या हातांतलें आहे. जलसंपदा खातें नदीच्या दोन पूररेषा आंखून देतें. निळी रेषा पंचवीस वर्षांतून सरासरी एकदां येणाऱ्या पुराची. तांबडी शंभर वर्षांतून एकदां येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आंत घर बांधावयाचें नाहीं. दोहोंच्या मधें निर्बंध पाळून बांधावयाचें. नियम चांगला आहे; पण परवाना देणाऱ्या टेबलावर त्याची आठवण राहिली पाहिजे. ओढ्यांचीही हद्द मोजून तेथें दगड रोवावे. नाइलाजानें कांठावर राहणाऱ्या गरिबांस आधीं दुसरें घर द्यावें, मगच उठवावें.

मोऱ्यांतला गाळ पावसापूर्वीं काढावा आणि लांब नेऊन टाकावा. कांठावर ठेवलेला गाळ पहिल्या सरीबरोबर पुन्हा आंत येतो. तसेंच इशाऱ्याचें. २५ जुलै २०२४ रोजीं खडकवासल्यांतून पाणी सोडल्यावर सिंहगड रस्त्यालगतच्या वसाहतींत तें शिरलें. पाणी सोडणारें खातें निराळें असलें, तरी तळमजल्यावरील वृद्ध माणसाच्या दारापर्यंत वेळेवर निरोप पोंचविणें हें महापालिकेनें आपलें काम मानलें पाहिजे.

अशा वेळीं सुशिक्षित मंडळीही बहुधा एकच मागणी करतात: आमच्या बाजूला उंच भिंत बांधा. पण आपल्या पागोळ्यांचें पाणी शेजाऱ्याच्या अंगणांत सोडण्यासारखेंच हें आहे. भिंतीनें पाणी नाहींसें होत नाहीं. तें समोरच्या कांठावर किंवा खालच्या वस्तींत जातें. मागावयाची ती पाण्यासाठीं मोकळी जागा मागावी, आणि तिच्यापायीं आपल्या सोसायटीची चार हात जमीन सोडावी लागली तरी सोडावी. मत मागावयास दारीं येणाऱ्या उमेदवारास रस्ता व नळ यांबरोबर आपल्या ओढ्याची हद्द कोठें आहे, हें अवश्य विचारावें. तें त्यास सांगतां आलें नाहीं, तर मत देण्यापूर्वीं घरांत सर्वांनीं एकदां विचार करावा.