पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही

अर्जुना आणि कोदवली या नद्या फुगल्या की राजापूरच्या जवाहर चौकात पाणी येतं. माल माळ्यावर चढवण्याची घाई इथल्या दुकानदारांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आता त्या मालात बिलिंगचा संगणकही असतो. तो घाईने उचलला जातो, पाणी ओसरल्यावर कुणीतरी उघडून साफ करतं, एखादा भाग बदलतं आणि मग तो माझ्या टेबलावर येतो. तक्रार ठरलेली: ‘पंखा फिरतो, पण डिस्प्ले येत नाही.’

मोठ्या शहरात अशा वेळी एकेक भाग बदलून पाहतात. आमच्याकडे मदरबोर्ड कोल्हापूरहून मागवायचा, आणि अणुस्कुरा घाटात दरड आली की तोही अडकणार. म्हणून मी आधी एकच विचारतो: शेवटचा हात कुठे लागला? कालपर्यंत चालणारं यंत्र दुरुस्तीनंतर उठत नसेल, तर दोष बहुतेकदा त्या हाताच्या आसपासच सापडतो.

संगणक ठरलेल्या क्रमाने जागा होतो. बटण दाबण्याआधीही एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, मदरबोर्डाला ५ व्होल्ट देत असतो. बटण दाबलं की बाकीचे व्होल्टेज येतात, ते स्थिर झाल्याची खूण मिळाली की प्रोसेसर सुटतो, बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) वाचतो, रॅम तपासतो, मग पडद्यावर चित्र येतं आणि डिस्कचा नंबर शेवटी लागतो. गाडी कुठल्या स्टेशनापर्यंत पोचली हे कळलं, की पुढचाच रूळ तपासायचा.

पंखा फिरतो म्हणजे सगळं ठीक, हा समज लोकांना फार नडलेला मला दिसतो. पंख्याला २४ पिनांच्या मोठ्या प्लगमधून वीज मिळते. प्रोसेसरला मात्र १२ व्होल्टचा वेगळा प्लग लागतो, चार किंवा आठ पिनांचा, बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात. बोर्ड काढून पुन्हा बसवताना हाच राहून जातो. पंखे घुमतात आणि प्रोसेसर उपाशी. प्लग जागेवर असेल, तर मल्टीमीटर लावून चालू स्थितीत ११.४ ते १२.६ व्होल्ट मिळतात का, ते पाहावं.

तरीही यश नसेल, तर बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढून कोरड्या पुठ्ठ्यावर ठेवावा. प्रोसेसर, त्याचा पंखा, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस, बस. बाहेर चालला आणि आत चालत नाही, तर बोर्डाखाली नको त्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायचा खुंट, शोधा. छोटा स्पीकर जोडलेला असेल, तर रॅम काढून चालू करावं. बोर्ड बीप देऊन ओरडला, तर प्रोसेसर आणि बायोस जिवंत आहेत. मग रॅमचे सोनेरी दात मऊ खोडरबराने पुसायचे. कोकणातल्या दमट हवेत त्यांच्यावर चढलेला थर नुसत्या डोळ्यांना दिसतोच असं नाही. डीडीआर५ रॅम नवी बसवली असेल, तर पहिल्या वेळी काही मिनिटं पडदा काळा राहू शकतो. तेवढ्यात बटण दाबून बंद करू नये.

पुराचं पाणी आत गेलेल्या यंत्राबाबत मी कडक आहे. ‘चालू करून बघू’ म्हणायचंच नाही. आधी बोर्डावरचा गोल सेलही काढायचा, कारण त्याचे ३ व्होल्ट ओल्या तांब्याला गंजवत राहतात. चिखल धुऊन, आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवून बोर्ड पुरता वाळेपर्यंत वीज नाही.

आणि सेल काढला की बायोसच्या सेटिंग मूळ पदावर जाऊ शकतात. विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेलं असतं, बोर्ड नव्या यूईएफआय पद्धतीवर परततो, डिस्क सापडत नाही. किंवा डिस्क जोडणाऱ्या साटाचा मोड बदलतो आणि निळा पडदा येतो. नेमक्या याच वेळी कुणीतरी ‘फॉरमॅट मारावा लागेल’ म्हणतं, तेव्हा मला खरोखर राग येतो. त्या डिस्कवर दुकानाची वर्षानुवर्षांची उधारी असते. डिस्क बायोसमध्ये नावानिशी दिसत असेल, तर आधी बूट मोड आणि साटा मोड पूर्वीसारखे करून पाहावेत. शंका वाटलीच, तर डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून खात्यांची प्रत काढून घ्यावी, फॉरमॅटचा विषय त्यानंतर.