वादळ, विमा आणि आमची वाडी

वैशाख सरत आला म्हणजे श्रीवर्धनच्या आमच्या घरीं शाकारणीची गडबड सुरू व्हावयाची. कौलें परतणें, पन्हळी साफ करणें, पडवीला झाप बांधणें, सरपण आंत घेणें, एवढें झालें कीं पावसाळा खुशाल येवो, असें आमच्या वडिलांचें मत होतें. आणि त्यांच्यामागें दादांनीं, म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंनीं, तें जसेंच्या तसें चालविलें. ही सारी तयारी वरून पडणाऱ्या पाण्यासाठीं होती. खालून शिरणाऱ्या वाऱ्याचा विचार आमच्यापैकीं कोणीच केलेला नव्हता.

३ जून २०२० रोजीं दुपारीं 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्यावर चढलें. वाऱ्याचा वेग ताशीं १०० किलोमीटरांच्या वर होता, असें हवामानखात्याचें सांगणें आहे. आंकडे वाचतांना कांहीं वाटत नाहीं. परंतु दादा सांगतात कीं, वारा पडवीखालून शिरला आणि जणूं माळ्यावर बसून कोणी दोन्ही हातांनीं भिरकवावीं तशीं कौलें आंतून बाहेर उडालीं. आम्ही त्या वेळीं टाळेबंदीमुळें पुण्यास अडकून पडलों होतों. वीज गेली, दूरध्वनि गेला. चार दिवस दादांचा आवाज ऐकूं आला नाहीं. ते दिवस कसे गेले हें लिहिण्याची इच्छा नाहीं.

पांचव्या दिवशीं आवाज आला. आम्हीं विचारलें, "दादा, घर कसें आहे?"

"घराचें काय घेऊन बसलास! वाडी गेली रे."

एकशें चाळीस सुपाऱ्या आणि अकरा माड आडवे झाले होते.

घराचा विमा आम्हीं दोन वर्षांपूर्वीं उतरविला होता, आणि खोटें कशाला बोला, त्याचा आम्हांस थोडा अभिमानही होता. दादांनीं त्याला 'शहरी खूळ' म्हटलें होतें. आतां आम्हीं तो कागद काढला आणि प्रथमच शेवटपर्यंत वाचला. झाडें त्यांत नव्हतींच. पण घराचेंही सरळ नव्हतें. हप्ता कमी बसावा म्हणून आम्हीं विम्याची रक्कम ६ लाख घातली होती; घर पुन्हां बांधावयास १२ लाख लागले असते. नुकसान १ लाख ८० हजारांचें. पाहणीस आलेल्या गृहस्थांनीं शांतपणें सांगितलें कीं, विमा जेवढ्या अंशानें कमी, तेवढ्या अंशानें भरपाई कमी. उरलेल्या अर्ध्या घराचे विमेदार आपण स्वतःच. म्हणजे ९० हजार. हिशेब बिनचूक होता. (१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' हा विमा निघाला, त्यांत चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर खरा सांगितला तर ही कात्री लागत नाहीं. आमचें वादळ दहा महिने आधीं आलें.) आमच्या काटकसरीनें दादांचे ९० हजार बुडाले, आणि त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहींत. तेंच आम्हांस अधिक जड गेलें.

दुसरी अडचण दादांनीं निर्माण केली. नुकसान वाढूं न देणें हें विमेदाराचें कर्तव्यच असतें, तेव्हां दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं छपरावर ताडपत्री ओढली हें योग्यच झालें. पण माजघराच्या तक्तपोशीच्या भिजलेल्या फळ्या काढून त्यांनीं चुलींत घातल्या! "तक्तपोशी होती कशावरून?" असा प्रश्न आला तेव्हां आम्ही निरुत्तर झालों. शेवटीं पुतणीनें आदल्या वर्षींच्या गणपतींतलीं छायाचित्रें काढलीं. मखरावर आख्खी तक्तपोशी दिसत होती. "गणपतीनें साक्ष दिली," असें वहिनी अजून सांगतात.

वाडीला मात्र साक्षीदार असूनही उपयोग नव्हता. सरकारी मदत प्रथम हेक्टरी हिशेबानें जाहीर झाली. आमच्याकडे वाडी गुंठ्यांत मोजतात आणि उत्पन्न झाडांत. हेक्टर हा शब्द दादांनीं त्या वर्षींच पहिल्यांदा उच्चारला असावा.

आलेल्या पैशांतून घर उभें राहिलें. या वेळीं पडवीकडच्या कौलांच्या ओळी तारेनें रिपांस बांधल्या, कोनवाशांवर सिमेंट घातलें. मे २०२१ मध्यें 'तौक्ते' वादळ किनाऱ्यालगतून गुजराथेकडे गेलें तेव्हां दोनच कौलें गेलीं. आतां दर वैशाखांत पुतणी घरभर फिरून छायाचित्रें काढते, माडांचे वाळके झाप व तयार नारळ आधींच उतरवितात, आणि विम्याचा कागद पत्र्याच्या डब्यांत जातो. तो डबा कोठें ठेवला आहे हें दादा आम्हांस पुण्यास कळवितात. खूळ हा शब्द त्यांनीं पुन्हां काढला नाहीं.

वाडींत त्यांनीं त्याच पावसाळ्यांत सुपारीचीं रोपें लावलीं. सुपारी धरावयास सात-आठ वर्षें लागतात आणि दादा तेव्हां बहात्तर वर्षांचे होते. आम्ही रोपांकडे पाहत उभे राहिलों, तेव्हां त्यांनीं आमच्या हातीं कुदळ दिली. उन्हाच्या बाजूला केळी लावावयाच्या होत्या. रोपांना सावली लागते.