अर्धा भार

मालमोटारीची वाहवा करितांना लोक पुढच्या यंत्राकडेच पाहतात. त्याचें नांव, त्याची ताकद, त्याचा आवाज यांची चर्चा चहाच्या दुकानांत रंगते. मागच्या लांबलचक ट्रेलरविषयीं कोणी अवाक्षर काढीत नाहीं. आमच्या घरींही कित्येक वर्षें तसेंच होतें. ओढणारी गाडी आमच्या मालकीची, पण मागचा ट्रेलर नेहमीं परक्याचा. भाड्यांतील मोठा वांटा त्या परक्यास जाई आणि कोणता माल केव्हां उचलावयाचा हेंही तोच ठरवी. वाशीम जिल्ह्यांतील सोयाबीन बाहेर न्यावयाचें आणि येतांना लोखंड किंवा सिमेंट आणावयाचें, हा आमचा धंदा. हंगामाचे दिवस थोडे. त्या दिवसांत मागें जोडावयास कांहीं मिळालें नाहीं, तर गाडी दारांत उभी राही. बँकेचा हप्ता मात्र कधीं उभा राहत नसे.

म्हणून स्वतःचा ट्रेलर घ्यावा असें आम्हां दोघां भावांचें ठरूं लागलें, तेव्हां पहिली हरकत वडिलांनीं घेतली. "ज्याला स्वतःचें पाऊल टाकतां येत नाहीं, त्यासाठीं चार एकर गहाण टाकायचें काय रे?" असें त्यांनीं विचारलें. प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. आमच्याच जिल्ह्यांत, मानोरा तालुक्यांत, पोहरादेवी हें बंजारा समाजाचें तीर्थ आहे. रेल्वे येण्यापूर्वीं त्या समाजाचे तांडे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर हिंडत. त्यांच्या ओझ्याला पाय होते. आम्ही जी वस्तु घेणार होतों, तिला बारा चाकें असूनही ती एक हात पुढें सरकणारी नव्हती.

चौकशीअंतीं आम्ही तामिळनाडूंतील नामक्कल गांठलें. मालमोटारींचे सांगाडे बांधणारे कारखाने आणि कोंबडीचीं अंडीं यांकरितां तें गांव प्रसिद्ध आहे. तेथील अठरा फूट उंचीचा मारुती छपरावांचून उघड्यावर उभा आहे. त्याचें दर्शन घेऊनच आम्ही कारखान्यांत गेलों. मिस्त्रींना हिंदी येईना, आम्हांस तमिळ कळेना. परंतु वितळलेलें लोखंड नीट सांधलें गेलें आहे कीं नाहीं, हें दाखविण्यास बोटें पुरतात. आमची गाडी वाशीमहून मागें कांहीं न जोडतां एकटीच तेथवर आली होती, आणि परततांनाही ट्रेलर रिकामाच आणावयाचा होता. कारण कायम नोंदणी आणि योग्यतेचा दाखला झाल्याखेरीज त्यावर माल लादतां येत नव्हता. दोन्ही वेळचें तेल आमच्याच पदरचें.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें या अर्धट्रेलरची व्याख्या केली आहे. ज्यास स्वतःचें यंत्र नाहीं, ज्याचा कांहीं भाग ओढणाऱ्या वाहनावर टेकलेला असतो आणि ज्याच्या वजनाचा कांहीं अंश तें वाहन पेलतें, असें त्याचें वर्णन आहे. २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशा जोडवाहनाच्या एकूण वजनाची कमाल मर्यादा ४९ टनांवरून ५५ टनांवर नेली. सहा आंसांच्या जोडवाहनांत या ५५ टनांपैकीं मागच्या तीन आंसांनीं २७ टन पेलावयाचे आणि पुढच्या गाडीच्या तीन आंसांनीं २८. अमेरिकेंतील डेट्रॉइट शहरीं ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहारानें १९१४ सालीं एका लांकूड-व्यापाऱ्याची होडी नेण्याकरितां फोर्ड मोटारीमागें जोडावयाचा ट्रेलर बांधला, तेव्हांही युक्ति हीच होती.

निघण्याच्या दिवशीं गाडी हळूहळू मागें घेतली. ट्रेलरखालचा किंगपिन तिच्या पाठीवरील तबकडींत खट्कन् बसला. हवेच्या नळ्या जोडल्या, दिव्यांची तार लावली आणि मग ट्रेलरचे टेकूचे पाय वर घेतले. हवेची मुख्य नळी तुटली तर ट्रेलरचे ब्रेक आपोआप आवळतात, हें चालकांनीं आम्हांस पुन्हा पुन्हा सांगितलें. पहिल्या पन्नास किलोमीटरांनंतर त्यांनीं गाडी थांबवून चाकांचे नट आवळले आणि प्रत्येक चाकाचा मध्य हात लावून पाहिला. सेलमपुढील थोप्पूरचा घाट चढून बंगळूर आणि कर्नूलवरून आम्ही हैदराबादेस आलों. तुंगभद्रा आणि कृष्णा मागें पडल्या. तेथून देगलूरमार्गें नांदेडास गोदावरी ओलांडली, आणि हिंगोली सोडून पैनगंगेच्या पुलावर येईपर्यंत सुमारें १,२०० किलोमीटरांचा प्रवास संपत आला होता. त्या साऱ्या वाटेवर आम्ही पुढें थोडें आणि मागेंच अधिक पाहिलें.

घरीं वडील काठी टेकीत आले. ट्रेलरला एक फेरी घालून त्यांनीं विचारलें, "भार कुठें येतो रे याचा?"

"बाबा, अर्धा याच्या चाकांवर आणि अर्धा पुढच्या गाडीच्या पाठीवर."

"आणि माल सारा मागेंच भरला तर?"

"मग पुढची गाडी हलकी पडेल आणि रस्ता धरणार नाहीं."

"म्हणजे उलाळ होईल," ते म्हणाले. तरुणपणीं त्यांनीं कापसाचीं बोंद्रीं बैलगाडींतून कारंज्याच्या बाजारीं नेलीं होतीं. मागें भार अधिक झाला तर जूं वर उचललें जातें; पुढें अधिक झाला तर बैलांच्या माना मोडतात. दोहोंच्या मध्यें भार बसविणें हेंच गाडीवानाचें कसब. "मग ही बैलगाडीच कीं रे!" एवढें बोलून ते ओसरीवर जाऊन बसले. शेताचा विषय त्यांनीं पुन्हा काढला नाहीं.

ते चार एकर अद्याप सुटलेले नाहींत. परंतु एमएच-३७ या आमच्या जिल्ह्याच्या अक्षरांनीं नोंदलेला तो ट्रेलर पहिल्या हंगामांत एक दिवसही रिकामा राहिला नाहीं. ज्यास स्वतःचें पाऊल टाकतां येत नाहीं, त्यानेंच आमची गाडी दारांतून हलविली.