नाना लक्षात राहतो...

काल टपरीवर 'माफीचा साक्षीदार'चा विषय निघाला. जोशी-अभ्यंकर हत्याकांडावरचा १९८६ चा सिनेमा. मत तेच, "नानानं काय काम केलंय राव!" केलंयच, अंगावर काटा येतो. सिनेमावर लिहिणारेही बहुतेक तिथंच थांबतात. पण मारले गेलेले कोण, विचारलं तर सगळे गप्प. पुण्यात १९७६-७७ मध्ये दहा जीव गेले. त्यातले एक काशिनाथशास्त्री अभ्यंकर, संस्कृत व्याकरणाचा कोश करणारे. मलाही हे उशिराच कळलं.

आणि मी तरी काय वेगळा? तालुक्यातल्या एका खुनाच्या बातमीत आरोपीवर तीन कॉलम लिहिले, गेलेल्या बाईचं वय मात्र चुकवलं. तिचा भाऊ कात्रण घेऊन ऑफिसात आला. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "साहेब, एकतीस नव्हे, सव्वीस."