तांबड्या तेलाची साक्ष

वाचकहो, जुनी मोटार घेताना आपण रंग पाहतो, आसने पाहतो. तिच्या पोटातील तेल पाहण्याचे मात्र सहसा सुचत नाही. माझेही तसेच झाले. साठवलेली पुंजी वेचून घेतलेली स्वयंचलित गिअरची गाडी पहिल्याच घाटात अडखळली. इंजिन गर्जत होते, पण गाडी पुढे सरकेना. मागे मुले झोपली होती. माझे हातपाय गार पडले.

दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मिस्त्रींनी पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सपाट जागी, गाडी तापवून व इंजिन चालू ठेवूनच, गिअरच्या तेलाची पट्टी ओढली, पुसली व पुन्हा बुडवून पाहिली. हे तेल बहुधा तांबडे व पारदर्शक असते. आमचे काळसर, जळकट वासाचे आणि खुणेच्याही खाली होते. हे केवळ वंगण नव्हे. त्याच्याच दाबाने गिअर बदलतात.

बूच काढले तरी बरेचसे तेल टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून मिस्त्रींनी निघालेले तेल मोजले, नेमक्या जातीचे नवे भरले, पट्टीवरची खूण गाठताच थांबले व काही दिवसांनी तेच पुन्हा केले. अधिक भरल्यास फेस होतो. “झिजलेले भाग मात्र तेलाने बरे होत नाहीत, साहेब,” ते म्हणाले.

आमचे दैव चांगले, गाडी सावरली. आपण मात्र दैवावर विसंबू नका. व्यवहारापूर्वीच पट्टी पाहा. जिला पट्टी नसेल, ती गाडी जाणत्या मिस्त्रीस दाखवा.