अद्भुताचें घर

गेल्या पावसाळ्यांत असोद्यास मुक्काम असतां आम्ही दोन जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्या वाचिल्या: नारो सदाशिव रिसबुड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८) व नाथमाधवांची ‘वीरधवल’ (१९१३). ‘वीरधवल’नें मध्यरात्रीपर्यंत दिवा विझूं दिला नाहीं, रहस्य कोठवर झांकावें, हें नाथमाधवांस नेमकें ठाऊक होतें. ‘मंजुघोषें’तील अलंकारांनीं मात्र दोनदां झोंप आणिली, तरी तिची प्रस्तावना मनांत सलत राहिली. बालविवाहादि रूढींमुळें आपल्या नित्याच्या संसारांत मनोवेधक असें कांहीं घडतच नाहीं, म्हणून अद्भुताचा आश्रय करावा लागतो, अशा आशयाचें समर्थन रिसबुड तेथें करितात.

शाळकरी वयांत आम्हांसही तसेंच वाटे. जातें, चूल, शेताची वाट यांत पाहण्यासारखें काय, असें म्हणून आम्ही राजकन्यांच्या महालांत जाऊन बसत असूं. आजी कांहीं सांगूं लागली, तर पुस्तकांतून मान वर होत नसे. आज आजी नाहीं; तिच्या गोष्टींपैकीं एकही आम्हांस पुरती आठवत नाहीं.

याच असोद्यांत १८८० सालीं बहिणाबाई चौधरी जन्मल्या. तेराव्या वर्षीं लग्न झालें, अक्षरओळख नव्हती. तरी सुगरणीच्या खोप्यांतही त्यांस नवल दिसलें. त्यांचीं गाणीं त्यांच्या पश्चात् १९५२ सालीं ग्रंथरूप झालीं. रिसबुडांच्या प्रस्तावनेस याहून चोख उत्तर आम्हांस सुचत नाहीं.

‘वीरधवल’ आम्ही पुन्हां वाचूं. पण आजीची गोष्ट आतां कोणत्या ग्रंथालयांत मिळावयाची?